रोजंदारीच्या टेबलावरचा पेला

वारूळवाडीच्या रखमाजीचं बिअर गार्डन येत्या एकतीस मार्चला बंद होतंय. बायपास झाल्यापासून गाड्या लांबूनच जातात आणि रखमाजीही ऐंशीला टेकलाय. परवा म्हणाला, "मोजणीदार, तुमी लिवा काहीतरी. शेवटच्या दिवशी भितीवर लावू." मी जन्मभर तालुक्यातली शेतं मोजली, लिहिलं ते हद्दीच्या खुणांबद्दल. तेव्हा जे मोजलं आणि पाहिलं तेवढंच लिहितो.

रखमाजी तिशीत अमेरिकेला, मिलवॉकीला गेला. तिथल्या एका जर्मन कुटुंबाच्या बिअर गार्डनमध्ये त्याने अकरा वर्षं आधी भांडी घासली, नंतर स्वयंपाक केला. मालकाच्या पणजोबाने लावलेली चेस्टनटची झाडं, त्यांच्या सावलीत लांबच लांब टेबलं, आणि मालक-मजूर एकाच बाकावर. हे त्याला इतकं भावलं की परत आल्यावर बापाच्या दोन एकरांत त्याने तेच मांडलं. चेस्टनट इथे कुठून आणणार? त्याने करंज लावले. तिकडच्या पीळदार खाऱ्या पावाला आपल्या लोकांनी मोठं कडबोळं ठरवलं आणि लसणाच्या चटणीबरोबर फस्त केलं. रोज येणाऱ्यांसाठी तिथे एक टेबल राखीव असायचं म्हणे. इथेही त्याने तसंच एक ठेवलं. त्याचं जर्मन नाव आमच्या जिभेला वळेना, म्हणून आम्ही त्याला रोजंदारीचं टेबल म्हणायला लागलो. बायका त्यावरून आम्हाला काय काय बोलल्या ते लिहीत नाही.

या टेबलावर प्रत्येकाचा आपापला स्टीलचा पेला, कपासारखा कान असलेला. नारायणगावच्या भांडेवाल्याकडून त्यावर नाव घालून आणायचं, लग्नातल्या भांड्यांवर घालतात तसं, तारखेसकट. माणूस गेला की तेराव्याला रखमाजी त्याचा पेला घासूनपुसून घरी पोचवायचा. असे नऊ पोचवले. त्यातला एक परत आला.

तो कुंडलिकचा. त्याच्या बापापर्यंत घरात मेंढरं होती. याने ती विकून तीन एकर घेतले, पण खांद्यावरची घोंगडी काही सोडली नाही. करंजाकडच्या टोकाला बसायचा. मी एखाद्या गोष्टीवर अर्धा तास बोललो की शांतपणे "आसंल राव" म्हणायचा आणि माझी सगळी हवा काढून घ्यायचा. मला तो फार आवडायचा. बारा वर्षांपूर्वी गेला. त्याची बायको साळुबाई माळकरी. तिने पेला उंबऱ्यावरूनच परत पाठवला. "माळेच्या घरात ह्ये भांडं नगं," म्हणाली. मूलबाळ नव्हतं. महिन्याभरात ती पेठला भावाच्या वस्तीवर राहायला गेली आणि इथल्या घराला कुलूप लागलं.

पेला गार्डनच्या खुंटीवर राहिला. पण रोज संध्याकाळी साडेपाचला तो टेबलाच्या त्या टोकाला असायचा. आठवडाभर आम्ही एकमेकांवर आळ घेतला. मग एके दिवशी रखमाजीने त्यात बिअर ओतली. मी सहा इंची पट्टी बुडवली: साडेतीन इंच. वर ताटली ठेवली, ताटलीवर दगड. तासाभराने पुन्हा पट्टी बुडवली, तर दोन इंच.

दगड जागचा हलला नव्हता.

"मोजायचं ऱ्हाऊ द्या राव," रखमाजी म्हणाला. "बसलाय तर बसू द्या की."

आणि बसू दिलं आम्ही, बारा वर्षं. त्या टोकाला पाहुणा बसायला लागला की कुणीतरी "तिकडं माणूस हाय" म्हणायचं. हा मजकूर भिंतीवर लावायचा की नाही, ते रखमाजीने ठरवावं.

गेल्या रविवारी साळुबाईचा फोन आला.

"भाऊ, समदं मोडणार म्हंत्यात."

"हो. टेबलं तर विकलीसुद्धा. शनिवारी नेणार आहेत."

मग म्हणाली, "आन् आता त्ये कुठं बसायचे?"

आमच्यातल्या कुणीही तिला कधी काही सांगितलं नव्हतं. तरी मी "कोण" असं विचारलं नाही.

"चूक माजीच व्हती," ती म्हणाली. "म्या भांडं नगं म्हणलं. त्यान्ला वाटलं आसंल, मलाच नगं म्हनली. आन् हितलं, पेठचं घर त्यान्नी कवा बघितलं न्हाई. तुमी आणून सोडा, भाऊ. दुपारचं या."

सोमवारी रखमाजीने पेला राखेने घासला, खांद्यावरच्या पंच्याने पुसला आणि बराच वेळ हातात धरून उभा राहिला. "जा बाबा," म्हणाला. मला तो कधी अरे-तुरे करत नाही.

पिशवी हँडलला अडकवून मी मोटारसायकल काढली. माझ्या गाडीचं मागचं शॉकअप मागे कुणी बसलं तरच कुरकुरतं. कळंबपासून ते कुरकुरायला लागलं. मंचरच्या गर्दीतही, घामट उन्हात, घोंगडीचा वास येत होता. अवसरीचा घाट एकटा असलो की मी तिसऱ्या गिअरवर चढतो. त्या दिवशी दुसरा टाकावा लागला.

मी आरशात पाहिलं नाही.

साळुबाई अंगणात उभी होती. नवं लुगडं, हातात तांब्या, शेजारी भरलेली कळशी.

"पाय धुवा, भाऊ."

दाराजवळच्या सपाट धोंड्यावर मी उभा राहिलो. तिने पाणी घातलं. पाय धुवून मी बाजूला झालो. पेला अजून पिशवीतच होता, आणि पिशवी गाडीला.

तिने तांब्या पुन्हा भरला आणि पदर डोक्यावर घेतला.

"लई वाळला वो," ती रिकाम्या धोंड्याकडे बघून म्हणाली.

मला भीती वाटली, हे खरं. पण त्याहून जास्त भरून आलं.

तिने वाकून तांब्या तिरका केला. धार सरळ खाली आली, आणि धोंड्याच्या चार बोटं वर फुटून दोन्ही अंगांनी ओघळली.