उत्तराखालच्या दोन रेघा

रोह्याची एसटी पेणमधल्या रामवाडीच्या थांब्यावर थांबली आणि एक उंच मुलगा चादरीत गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरून उतरला. उन्हातून रस्ता ओलांडून तो सरळ आमच्या दुकानात शिरला. मी टेबलावरचे कागद बाजूला केले आणि सहज बोलून गेले, "हळू... मान सांभाळा."

त्यानं चादर उलगडली. आत कॉम्प्युटरचा डबा होता.

"मान नाय याला," तो गंभीरपणे म्हणाला. "पंखा हाय, तोही खरखरतो."

माझे कान तापले. तो मात्र थांबला नाही. "तुमचं काय चुकलं नाय. एसटीत एका मावशीनं याच्यासाठी जागा दिली. कंडक्टर म्हणाला, अर्धं तिकीट लागेल."

"काढलंत?"

"काढलं ना. वाद घातला असता, तर पोर उठलं असतं."

मी हसले. मी फारशी हसत नाही, असं केरूमामा म्हणतो. कॉम्प्युटरचं दुकान त्याचं. फिजिक्स घेऊन बीएस्सी झाल्यापासून मी तिथं मशीन जोडायचं काम करत होते. ही गोष्ट नव्याण्णव सालच्या एप्रिलमधली.

त्याचं नाव हरेश. रोह्यात लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचा. आता त्याला पहिलं वेगळं काम मिळालं होतं. हमरापूरच्या ठमाबाई गणपतीच्या मूर्तींचे डोळे आखायच्या. त्यांच्या कारखान्यातल्या मूर्तींची चाळीस मिनिटांची फिल्म त्यानं काढली होती. ती सीडीवर बसवून द्यायची होती. मे अखेरीला एक एजंट ती परदेशातल्या गिऱ्हाइकांना दाखवायला नेणार होता.

"मग अडलंय कुठं?"

"फिल्म सीडीत मावेल एवढी बारीक करायला हा डबा सतरा तास घेतो. आणि रोह्यात सलग आठ तास वीज राहिली तर नशीब. तीनदा लावलं. तिन्ही वेळा मधेच वीज गेली आणि पुन्हा पहिल्यापासून." त्यानं चादरीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "सीडी जमली तर हमरापूरचे आणखी पाच कारखाने काम देतील. नाय जमली तर धाटावच्या कंपनीचं पत्र आलंच हाय. एक जूनपासून शिफ्ट. बाबा म्हणतात, कॅमेरा विकून टाक."

मी वही काढली. वीज आठ तास म्हणजे हिशेबाला सहा धरायची. सहा तासांत चाळीस मिनिटांची फिल्म, म्हणजे एका मिनिटाच्या फिल्मला जास्तीत जास्त नऊ मिनिटं.

"एक मिनिटाचा तुकडा द्या. सगळे प्रोसेसर त्याच एका तुकड्यावर तपासते."

त्यानं निवडलेल्या तुकड्यात ठमाबाईंचा हात होता, कुंचला होता, आणि पांढऱ्या डोळ्यावर सरकत जाणारी काळी रेघ. झटपट करायला लावलं की त्या रेघेच्या पायऱ्या पायऱ्या व्हायच्या. बारकाईनं करायला लावलं की रेघ शाबूत राहायची, पण वेळ दुप्पट.

"डोळे बिघडले तर ठमाबाई मला समुद्रात सोडतील," हरेश म्हणाला.

"मग बारकाईनंच मोजू."

त्याच्या डब्याला सव्वीस मिनिटं लागली. तेवढा वेळ दोघांनी स्टुलांवर बसून पडद्यावरची निळी पट्टी पाहिली.

"आत नक्की करतंय तरी काय हे?" त्यानं विचारलं.

"प्रत्येक चित्र पूर्ण लिहीत नाही. आधीच्या चित्रापेक्षा काय बदललं, तेवढंच शोधून लिहितं. शोधण्यातच वेळ जातो."

"आणि बदललंच नाय तर?"

"मग लिहायची गरज नाही. ते आधीचंच असतं."

"म्हणजे एखादं माणूस रोज इथंच, ह्याच स्टुलावर, अशीच वेणी पुढं घेऊन बसलेलं असेल तर...?"

"तर जागा फार कमी लागेल," मी पट्टीकडे बघत म्हणाले. वेणी मात्र मागे टाकली.

संध्याकाळपर्यंत दुकानातले दोन्ही प्रोसेसर मोजून झाले. पेंटियम टू : सात मिनिटं पाच सेकंद. सेलेरॉन : आठ मिनिटं दहा सेकंद, आणि किंमत जवळपास निम्मी. आठ-दहाच्या हिशेबानं पूर्ण फिल्म पाच तास सत्तावीस मिनिटांत झाली असती. आकडा लिहून मी त्याखाली दोन रेघा मारल्या. कॉलेजच्या जर्नलची सवय. अंतिम उत्तराखाली दोन रेघा.

"मग... कुठला घेऊ?" हरेशनं विचारलं.

मी वही मिटली. का, ते मला तेव्हाही ठाऊक होतं. "एकदा मोजून चालत नाही. तीनदा मोजून सरासरी काढतात. पुढच्या शनिवारी या."

पुढच्या शनिवारी सरासरी काढली. आकडा सेकंदानंही हलला नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी मी म्हटलं, उन्हात मशीन तापतं, भर दुपारी तपासायला हवं. त्याच्या पुढच्या शनिवारी मेमरी. बत्तीस की चौसष्ट? प्रत्येक कारण शास्त्रात बसणारं होतं. तो दर वेळी तितक्याच गंभीरपणे "व्हय, तेही बघायला पायजे" म्हणायचा, आणि येताना कधी करवंदं आणायचा, कधी ताडगोळे.

"मनस्वी," केरूमामा एकदा म्हणाला, "एवढ्या चाचण्यांत पोखरणला आणखी एक बाँब झाला असता गो."

पाचव्या शनिवारी हरेशच्या आधी ठमाबाईच दुकानात आल्या. बोटांना काळा रंग, कमरेला पदर खोचलेला.

"माझी शिडी कुठाय गो?"

"अजून... अखेरीला आठवडा आहे ना?"

"कसला आठवडा? एजंट मंगळवारी विमानात बसतोय. हरेशला विचारावं तर म्हणतो, पेणच्या मॅडम मोजतायत. मी गणपतीचा डोळा एका दमात आखते. तू महिनाभर मोजतेस तरी काय?"

तेवढ्यात हरेश दारात आला. ठमाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"हां," त्या सावकाश म्हणाल्या. "मोजा, मोजा. पण सोमवारी सांजच्याला शिडी पायजे." आणि निघून गेल्या.

मी वहीची कड धरून उभी राहिले. "मला एक सांगायचंय. उत्तर मला पहिल्याच शनिवारी कळलं होतं. सेलेरॉन पुरेसा आहे. मी... उगाच लांबवलं. तुमचं काम बुडालं, तर दोष माझा."

त्यानं हातातली करवंदांची पुडी टेबलावर ठेवली.

"आठ मिनिटं दहा सेकंद," मग म्हणाला. "खाली दोन रेघा. तुम्ही चहा सांगायला गेलात तेव्हा वही उघडीच होती."

"मग बोलला का नाहीत?"

"सरासरी काढायची होती ना."

मला हसू आवरेना, आणि डोळ्यांत पाणीही आलं. त्याच दुपारी मी त्याच्या डब्यात नवा बोर्ड आणि नवा प्रोसेसर बसवला.

रविवारी पेणला संध्याकाळपर्यंत वीज बंद राहणार होती, म्हणून सकाळच्या एसटीनं मीही रोह्याला गेले. मामाला सांगितलं, गिऱ्हाइकाच्या घरी मशीन लावायचंय. "गिऱ्हाइकाच्या आईला नमस्कार सांग," तो म्हणाला.

दहा वाजून पाच मिनिटांनी काम सुरू केलं. वहीत लिहिलं : संपेल ३.३२ ला. हरेशच्या आईनं, कृष्णाबाईंनी, वालाचं बिरडं आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. वडील, पुंडलिककाका, पडवीत पत्र समोर ठेवून बसले होते. ते वाईट नव्हते, पक्के होते. "आज झालं तर ठीक," त्यांनी मला सांगितलं. "नाय तर उद्या कंपनीत हो कळवायचं. मीठ पिकवून आमची पाठ मोडली. पोराला महिन्याचा पगार दिसतोय, तो कसा सोडू?"

तीन वाजून अठरा मिनिटांनी वीज गेली.

पंखा थांबला. यूपीएस टीं टीं करायला लागला.

"किती टिकेल?" मी विचारलं.

"आठ मिनिटं."

हवी होती चौदा. मी हात लांब करून पडदा बंद केला.

"अवो! दिसणार कसं?"

"विजेचा मोठा वाटा पडदाच खातो. काम डबा करतोय. त्याला आपण बघण्याची गरज नाही."

खोलीत आवाज उरले दोनच : यूपीएसची टीं टीं आणि हार्डडिस्कची बारीक करकर. आम्ही जमिनीवर डब्याला कान लावून बसलो, दोन बाजूंनी. त्याच्या कपाळावरचा घाम मला दिसत होता. माझ्या हातावर घड्याळ होतं.

"मनस्वी..." त्यानं पहिल्यांदा नुसतं नाव घेतलं.

"नऊ मिनिटं झाली. बोलू नका."

"एकच विचारतो."

"अकरा झाली."

"रोह्यात राहायला जमेल?"

टीं टीं जलद झाली. तेरा. माझं घड्याळ आणि माझं काळीज, दोन्हींचे काटे वेगळे चालले होते. "वीज आल्यावर सांगते," मी कशीबशी म्हणाले.

चौदा मिनिटं आणि वर काही सेकंद. करकर थांबली की यूपीएस आधी बंद पडला, कळलंच नाही. सगळं एकदम शांत झालं.

वीज यायला पाऊण तास लागला. कृष्णाबाईंनी पन्हं आणलं, ते तसंच राहिलं. पंखा फिरला तेव्हा आम्ही चौघंही पडद्यासमोर होतो. फाइल उघडली. शेवटपर्यंत नेली. पुरी चाळीस मिनिटं. मग मागे जाऊन तो तुकडा लावला. कुंचला सरकला, काळी रेघ आली... गुळगुळीत, एका दमातली.

पुंडलिककाकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "डोळा जिवंत वाटतोय रं," ते म्हणाले. आणि पडवीतलं पत्र घडी करून खिशात ठेवलं.

सीडी लिहायचं यंत्र पेणला होतं. हार्डडिस्क काढून रुमालात गुंडाळली आणि सहाची एसटी धरली. हरेशही बरोबर. कंडक्टरनं ओळखलं.

"काय, आज पोर नाय आणलं?"

"आणलंय," हरेश माझ्या मांडीवरच्या रुमालाकडे बोट दाखवून म्हणाला. "बारीक झालंय."

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. नागोठणे आलं, अंबा नदीचा पूल आला. तो काही विचारत नव्हता. वीज येऊन दोन तास झाले होते, तरी आठवण करून द्यायचं धाडस त्याला होईना. फक्त माझी वही त्याच्या हातात होती. पुलावर त्यानं ती माझ्यापुढे धरली. ३.३२ च्या खाली, त्याच्या वाकड्या अक्षरात, दुपारचाच प्रश्न होता.

मी पेन मागितलं. लिहिलं : जमेल. तुला यायला एसटी लागणार नाही मग.

आणि खाली दोन रेघा मारल्या. गाडीच्या धक्क्यानं पहिली वाकडी गेली. दुसरी त्यानं माझा हात धरला म्हणून सरळ आली.