परत आलेली ताटली

रोजा सोडायच्या जरा आधी गदीजा आन्टींनी दार उघडलं, तर उंबऱ्यावर रुमालाने झाकलेली ताटली. काठावर हिरवी वेल. कुणीतरी गोड पाठवलं असेल म्हणून त्यांनी रुमाल उचलला. आत पिस्तुलाची एक गोळी होती.

केप टाउनच्या या वस्तीत शेजाऱ्याची ताटली कधी रिकामी परत जात नाही. धमकी देणाऱ्याने तेवढी रीत मात्र पाळली होती.

गोळीची बातमी कानावर येताच पोलीस चौकीतली सार्जंट रुवायदा साध्या कपड्यांत मागच्या दाराने आली. आन्टींनी तिला बसही म्हटलं नाही.

"ताटली कुणाची?"

"माहीत नाही."

"शेजारच्यांची?"

"माहीत नाही म्हटलं ना. तू जा, पोरी. तू आलीस की जास्त भीती वाटते."

रुवायदाने ताटली केव्हाच ओळखली होती; आन्टी बोलतात का, एवढंच तिला पाहायचं होतं. मागच्या आठवड्यात कोपऱ्यावर एका पोराचा खून झाला, तो आन्टींनी खिडकीतून पाहिला होता. दवाखान्याच्या गर्दीत शेजारी बसून त्यांनी रुवायदाच्या कानात मारेकऱ्याचं नाव सांगितलं, रशाद. उठताना पिशवीतून हीच ताटली काढून दिली, वर खोबऱ्यात घोळवलेले कुसिस्टर, पाकातले तळलेले गोळे. रमजानात माणसाला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? रुवायदाने ते चौकीत वाटले, ताटली स्वतः घासूनपुसून चहाच्या खोलीत फळीवर ठेवली. काहीतरी भरून परत करायची होती. तेवढंच राहून गेलं.

म्हणजे गोळी चौकीतून आली होती. आणि आन्टींच्या लेखी ताटली एकाच माणसाकडे होती. रुवायदाकडे.

साक्षीदाराचं नाव तिने साहेबांनाही सांगितलं नव्हतं. शिपायांना विचारलं, तर ते परगावचे; त्यांच्या लेखी ताटली म्हणजे ताटली. उरले इगसान बूटा, म्हणजे सगळ्यांचे थोरले भाऊ, गल्लीच्या राखणदलाचे म्होरके. पोलिसांवर विश्वास ठेवा म्हणून दारोदार सांगणारा वस्तीतला हा एकटाच माणूस. चौकीत त्यांची ये-जा रोजचीच.

"चहाच्या खोलीत गेला होतात का?"

"रोजे चालू आहेत, सार्जंट. माझं काय काम तिथे? चंद्र दिसल्यापासून पाऊल ठेवलं नाही."

"आणि रशाद?"

"भाचा असला म्हणून काय झालं? सापडला तर घाला आत. अख्ख्या गल्लीसमोर सांगितलंय मी."

सांगितलं होतं खरंच.

ती परत आन्टींकडे गेली. या वेळी काही विचारण्याआधी सांगितलं. ताटली तिनेच उघड्यावर ठेवली होती, चूक तिची होती. नाव तिने कुणाला सांगितलं नव्हतं, ते ताटलीने सांगितलं. आन्टींनी तिच्यासाठी खुर्ची सरकवली.

"ही ताटली तुमची, हे कोण ओळखेल?" रुवायदाने विचारलं.

"जो तिच्यातून खातो तो."

"कोण खातं?"

बोललं तर जीव जाईल, नाही बोललं तरी जाईल, हे आन्टींना कळत होतं. "शेजारची मरियम, पण ती अंथरुणाला खिळलीय. समोरची बाई, ती पोलीस दिसले की दार लावते. आणि..." त्यांनी दाराची कडी लागल्याची खात्री केली. "इगसान बूटा. वीस रमजान झाले, पहिली ताटली त्यांच्याकडेच जाते."

ताटलीवरच्या ठशांचा अहवाल आल्यावर रुवायदाने इगसानना बोलावलं. ताटलीच्या कडेवर त्यांचा अंगठा उमटला होता.

"असणारच," ते म्हणाले. "तिच्याच ताटलीतून खातो मी."

"खाता, म्हणूनच ओळखलीत. फळीवर ती दिसली आणि कोण बोललं ते तुम्हाला कळलं. पण बूटा, फळीवर ठेवण्याआधी मी ती घासून पुसून घेतली होती. हा ठसा त्यानंतरचा आहे. पाऊल न ठेवलेल्या खोलीतला."

इगसाननी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "बहिणीचं एकुलतं एक पोर आहे. वाटलं, आन्टी घाबरून गप्प बसेल. टोळीच्या पोरांना तिला हात लावू देणार नव्हतो."

"हात लावलाच की," रुवायदा म्हणाली.

रशाद त्यांच्याच माळ्यावर सापडला. त्याची टोळी मात्र बाहेरच होती. आन्टी अजून खिडकीपासून लांब बसत. रुवायदाने त्यांना मुलीकडे, दुसऱ्या गावी न्यायला गाडी आणली, आणि कोर्टात यायचं की नाही ते त्यांनीच ठरवावं असं सांगितलं.

"माझी ताटली?"

"पुरावा आहे. खटला संपल्याशिवाय मिळायची नाही."

आन्टींनी डोक्यावरचा रुमाल नीट केला. गाडीत बसून दार स्वतः ओढून घेतलं.

"मग यावंच लागेल मला," त्या म्हणाल्या. "रिकामी देऊ नकोस फक्त."