डावा पाइप

"अरे, हा तर उजवा आहे!"

जेवणाच्या टेबलावरच्या लांबोळक्या खोक्यातून काढलेला तो चकचकीत एक्झॉस्ट पाइप हातात धरून तिचा नवरा असा ओरडला, की आतल्या खोलीतून सासरेही बाहेर आले. समुद्रापलीकडून दोन महिन्यांनी आलेला पाइप! घरच्या गॅरेजचं नेहमीचं गिऱ्हाईक असलेल्या कॅप्टनसाहेबांची ती जुनी, दोन सिलिंडरची मोटारसायकल बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. परदेशातला एक कारखाना जुन्या नमुन्यांवरून तिचे भाग हुबेहूब घडवून देई, पण एकदा पाठवलेला पाइप परत घेत नसे. आणि गाडीचा सडला होता तो डावा.

"मी डावाच सांगितला होता," सासरे म्हणाले. अगदी शांतपणे आणि अगदी मनापासून.

पण तिला पक्कं आठवत होतं, त्यांनी उजवा सांगितला होता! बाजू नेहमी सीटवर बसणाऱ्याच्या हाताने सांगायची, हा या धंद्यातला पहिला धडा तिला लग्नानंतर आठवड्याभरात दिला तो याच माणसाने, आणि ऑर्डर लिहायच्या दिवशी हाच माणूस हेडलाइटसमोर, गाडीकडे तोंड करून उभा राहिला आणि स्वतःच्या उजव्या हाताकडे बोट दाखवून म्हणाला, "उजवा लिही, सूनबाई." तिने मुकाट्याने लिहिलं. ज्यांना सगळे उस्ताद म्हणतात त्यांच्या शब्दावर कुणी मागे जाऊन खात्री करतं का?

"बोल ना! काय ऐकलं होतंस तू?" नवऱ्याने विचारलं.

खरं सांगायला एक वाक्य पुरे होतं. पण गेल्या काही महिन्यांत सासऱ्यांनी दोनदा पान्याला पकड म्हटलं होतं, एकदा तर हातात किल्ली असून ते गॅरेजच्या बंद दारासमोर कितीतरी वेळ नुसतेच उभे होते... हे तिने एकटीने पाहिलं होतं. बाबांनी आता घरी बसावं, असं नवऱ्याने वर्षभर लावून धरलंच होतं. त्याला एवढं निमित्त पुरलं असतं. आणि गॅरेज हातातून गेल्यावर या माणसाजवळ उरणार तरी काय होतं?

"माझ्याच ऐकण्यात चूक झाली," ती म्हणाली.

"चूक झाली म्हणे!" नवरा भडकला. "कॅप्टनसाहेबांची मुलगी पंधरा दिवसांसाठी येतेय, तिला त्या गाडीवरून फिरवायचं म्हणून माणूस वर्षभर थांबलाय. कुठल्या तोंडाने सांगू मी त्यांना? उद्यापासून ऑर्डर मी बघीन. तू आपलं घर सांभाळ."

नकाशे काढायची चांगली नोकरी सोडून ती या घराच्या कामात उतरली होती. गॅरेजच्या कोपऱ्यातलं ते टेबल, परदेशी कारखान्यांची सूचीपत्रकं, पेन्सिलीने काढलेल्या भागांच्या आकृत्या, एवढंच काय ते तिचं स्वतःचं असं होतं! ते सगळं तिने नवऱ्याच्या स्वाधीन केलं. सासऱ्यांनी तिच्यासमोरच कॅप्टनना फोन लावला. "आमच्या सूनबाईंनी जरा घोटाळा केला, साहेब. सांभाळून घ्या." ते खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच तसं वाटत होतं, हेच तर दुःख होतं! रुसायचं तरी कुणावर?

आठ दिवसांनी सकाळी ती चहा घेऊन गॅरेजमध्ये गेली, तेव्हा सासरे कॅप्टनच्या गाडीवर बसले होते. त्यांनी डाव्या पायाशी वाकून पाहिलं, उतरले, हेडलाइटसमोर जाऊन उभे राहिले, उजवा हात उचलला... आणि तो हात तसाच हवेत राहिला. पुन्हा येऊन बसले. पुन्हा उतरले. तिसऱ्या खेपेला त्यांची नजर दारात उभ्या असलेल्या तिच्याकडे गेली, आणि त्या म्हाताऱ्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"तुला ठाऊक होतं," ते म्हणाले. तिने मान खाली घातली.

तेवढ्यात गाडीचं काय झालं ते पाहायला कॅप्टन आले, मागोमाग नवराही आला. सासरे सरळ उभे राहिले. "साहेब, घोटाळा माझा होता. बाजू मी उलटी सांगितली, आणि वर सुनेचं नाव घेतलं."

"नाही हो बाबा! चूक माझीच..."

"गप्प बस!" त्यांचा आवाज फाटला. "आयुष्यात गिऱ्हाइकाला नकली भाग असली म्हणून दिला नाही मी. ही चूक अस्सल माझी आहे, पोरी. तुझा शिक्का मारून ती खपवायची नाही मला!"

नवरा बायकोकडे वळला. "अगं, मग तू तेव्हाच का नाही बोललीस?"

"बोलले असते तर तुम्ही त्यांना घरी बसवलं असतंत." आणि इतक्या दिवसांचं दाबून ठेवलेलं रडू तिला आवरेना.

सासऱ्यांनी ॲप्रनची गाठ सोडायला घेतली. "बरोबरच आहे त्याचं. आता बसायलाच हवं मला."

तिने डोळे पुसले, पुढे होऊन त्यांचा हात धरला. "बसायचं तर सीटवर बसा ना, बाबा. तिथून सांगत जा. मी बघून लिहीन."

कॅप्टन मोठ्याने हसले, मग एकदम गंभीर झाले. "पाइप येईपर्यंत मुलगी गेलेली असेल," ते म्हणाले. "पण मागवा. पुढच्या वर्षी येईल ती."

नवरा कोपऱ्यात गेला. त्याने टेबलावरचा स्वतःचा पसारा गोळा केला, खुर्ची पुसली आणि ऑर्डरची वही तिच्या हातात दिली. "चुकलो," एवढंच तो म्हणाला, तेही वडिलांच्या आणि गिऱ्हाइकाच्या देखत.

सासरे गाडीवर चढून बसले. दोन्ही हात हँडलवर ठेवून त्यांनी क्षणभर डोळे मिटले. "डावा," ते म्हणाले.

ती सगळ्यांसमोर गाडीच्या मागे गेली, वाकून नीट पाहिलं, आणि मगच लिहिलं.