बी निगेटिव्हसाठी आलेला माणूस

"मेसेज तुमीच पाठवला का?"

लुंबिनीने लॅपटॉपवरून मान वर केली. नांदेडच्या एका रुग्णालयातल्या रक्तपेढीच्या दारात एक उंच तरुण उभा होता. गळ्यात कॅमेरा, शर्टावर पिवळे पराग.

"भोकरहून आलो. नवरा-नवरीला सूर्यफुलाच्या रानात उभं करून! लगीन मोडलं तर तुमच्यावर हाय."

तिला हसू आलं... आणि त्याच्या हातातलं रक्तदात्याचं कार्ड बघताच विरलं. आदर्श. बी पॉझिटिव्ह.

हवं होतं बी निगेटिव्ह. जळकोटची मनिषा याच रुग्णालयात नुकतीच बाळंत झाली होती आणि रक्तस्राव थांबत नव्हता. तिचे वडील किशनराव समोरच भिंतीला टेकून उभे होते.

दाते शोधणारी ही सेवा लुंबिनीने एकटीने उभी केली होती. स्वतःचा सर्व्हर नव्हता. मागणी आली की क्लाउडवर एकेक पायरी आपोआप चालायची. दाते निवडायचे, मेसेज पाठवायचे, कुणी 'येतो' म्हटलं की थांबायचं. कोणत्या पायरीला कोणती माहिती द्यायची, ते एकेका ओळीची एक्स्प्रेशन्स, म्हणजे छोटी सूत्रं, ठरवत. त्यातल्या एका ओळीत तिने नुसतं 'बी' जुळवलं होतं. पुढचं अधिक-उणे चिन्ह राहूनच गेलं होतं.

"तुम्ही 'येतो' म्हणालात," ती म्हणाली, "आणि दाता मिळाला समजून सगळं थांबलं. बाकी कुणाला निरोपच गेला नाही."

"म्हंजे... माझ्यामुळं?"

"माझ्यामुळे."

तिची बोटं चुकू लागली. ओळ लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली. आदर्श शेजारी येऊन बसला.

"मला यातलं काही कळत न्हाई. पण मोठ्यानं वाचा. मी ऐकून राहिलो."

"गट बी... आणि चिन्ह निगेटिव्ह..."

"हाव. पुढं?"

"आधी तुमच्या नावावर तपासते. ते गळायला हवं."

"गाळा मला," तो हळूच म्हणाला. "आजच्यापुरतं."

एरवी ती लाजली असती. आता तिने श्वास रोखून बटण दाबलं. नाव गळलं. मेसेज सुटले.

"पोरी, कुणी यायलंय का?" किशनरावांनी विचारलं. तिने लॅपटॉप त्यांच्या बाजूला वळवला.

स्क्रीन उजळली. 'येते. पंचशीला, वजिराबाद. पण गाडी नाही.'

आदर्श केव्हाच उठला होता. कॅमेरा तिच्या पुढ्यात ठेवून तो पळाला. शहरातल्याच वजिराबादहून मोटारसायकलवर पंचशीलाला घेऊन आला. रक्त घेतलं, तपासलं आणि किशनरावांसोबत प्रसूतिकक्षात गेलं. लुंबिनी त्या बंद दाराकडे बघत राहिली... शेवटी किशनराव बाहेर आले. "वाचली माझी पोर!" म्हणता म्हणता त्यांना रडू फुटलं, आणि लुंबिनीलाही.

आदर्शने पाण्याची बाटली पुढे केली.

"ते नवरा-नवरी?" तिने डोळे पुसत विचारलं.

"फोनवर दोघं मिळून शिव्या द्यायलेत. संसार झकास चालंल त्यांचा."

त्यानंतर तो भोकरहून येत राहिला. कधी चहाला, कधी उगाच. एका संध्याकाळी गोदावरीच्या घाटावर त्याने सरळ विचारलं, "लुंबिनी... माझ्याशी लगीन करता का?"

"मला भीती वाटते. जेवताना, बोलताना, आत्तासुद्धा माझा जीव त्या सेवेत अडकलेला असतो. कुणाला निरोप पोचला नसेल तर... असं माणूस कुणाला आवडेल?"

"मला आवडून राहिलं. तुमी भ्या खुशाल. मी कुटं जायलोय?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच त्या बडबड्या माणसाचे ओठ थरथरत होते.

"माझे वडील रविवारी घरी असतात," ती म्हणाली. "तू त्यांना विचार. मी तर केव्हाची हो म्हणून बसलेय."