फिल्टर बदलून परत या

तो पहिल्यांदा आला तो चुकूनच. त्याला शेजारच्या पंपावर डिझेल भरायचं होतं, पण वळणाचा अंदाज चुकला आणि त्याचा तो अवाढव्य टेम्पो थेट आमच्या धूर तपासणी केंद्राच्या शेडमध्ये येऊन उभा राहिला. शेडमधला निम्मा उजेड गेला.

"आलोच आहे तर तपासून टाका," खिडकीतून आवाज आला.

आमचं काम साधं असतं. मी गाडीच्या मागे उभी राहून सायलेन्सरमध्ये मशीनची नळी घालायची आणि हात वर करायचा. ड्रायव्हरनं आरशात माझा हात बघून रेस द्यायची. बाकीचे ड्रायव्हर तेवढा हातच बघतात. हा पठ्ठ्या हात सोडून सगळं बघत होता. मी हात खाली केला तरी रेस चालूच... काळ्या धुरानं माझे डोळे चुरचुरायला लागले. शेवटी मी पुढे जाऊन दारावर थाप मारली.

"मॅडम, तुमच्या गालावर काजळी लागलीय," तो शांतपणे म्हणाला. "डाव्या... नाही, उजव्या. आरशामुळे गोंधळ होतोय माझा."

मी नेमका नको तो गाल पुसला. तो हसला नाही, पण हसू दाबताना त्याच्या गालाला पडलेली खळी मला दिसली, आणि खरं सांगते, मला त्याचा भयंकर राग आला. एअर फिल्टर धुळीनं गच्च भरला होता. गाडी नापास. "फिल्टर बदलून परत या," मी जमेल तेवढ्या रुक्षपणे म्हणाले.

तो दुसऱ्या दिवशी आला आणि पास झाला. पुढच्या तपासणीला पुन्हा तेच. आधी नापास, मग दुसऱ्या दिवशी पास. टेम्पोला मी हत्ती म्हणायचे, म्हणून तो हत्तीवाला. लोकांची घरं हलवणं हा त्याचा धंदा. मशीन गरम होईपर्यंत तो गोष्टी सांगायचा... लोक चांगलं कपाट सोडून देतात आणि फुटका आरसा मांडीवर घेऊन बसतात, रिकाम्या खोलीचं दार दोनदा लावून बघतात. मी ऐकत नसल्यासारखं करायचे. तो गेला की दिवसभर मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. तपासणीची तारीख जवळ आली की मी ओढणी बदलायचे. केंद्र बाबांचं, ते केबिनमध्ये बसून सगळं बघायचे. एकदा त्यांनी विचारलंच, "त्याच्या इंजिनात बिघाड आहे, की तुझ्या?"

मग तो नवा नियम आला. गाडी जितकी मोठी आणि धूर जितका काळा, तितका रस्ता कर जास्त. वर्षाच्या पहिल्या तपासणीत येईल तो आकडा वर्षभरासाठी पक्का. मला तो कर पटला होता, अजूनही पटतो. धुरात उभं राहून ज्याची छाती काजळीनं भरते, त्याला तो पटायलाच हवा. बाबांनी सूचना शेडच्या खांबावर चिकटवली. पण खांबावरची सूचना वाचतो कोण?

नव्या वर्षात हत्तीवाला आला. नव्या करामुळे या वेळी तरी तो फिल्टर बदलून आला असेल असं धरून मी हात वर केला, त्यानं रेस दिली, काळा लोट उसळला आणि आकडा मशीनमधून परस्पर कर कार्यालयात गेला. तो उतरून हसत म्हणाला, "नापास ना? उद्या येतो फिल्टर बदलून."

"उद्या येऊन उपयोग नाही," मी म्हणाले आणि त्याला खांबाकडे नेलं. वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला.

"आजच का नाही बदललात?" माझा आवाज चढला. "दर वेळी तेच. कळत कसं नाही तुम्हाला?"

त्यानं सीटखालून एक खोकं काढलं. आत फिल्टर होता, एकदम स्वच्छ. एरवी टेम्पोला हाच असायचा. तपासणीच्या सकाळी तो मुद्दाम हा काढून जुना, चोंदलेला बसवून आणायचा.

"का?" मी विचारलं.

"पहिल्या फेरीतच पास झालो असतो... तर तुम्ही 'परत या' म्हणाला नसतात."

या वेड्या माणसानं माझ्यासाठी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला होता. आणि मी? मी बाबांकडे धावले. आकडा मागे घेता येत नाही, ते म्हणाले. मी परत आले आणि त्याला एवढंच सांगितलं, "काळजी घ्या."

तेवढा कर भरणं त्याच्या आवाक्यात नव्हतं. टेम्पो विकला गेला. तो दूर थोरल्या भावाच्या गावी, त्याच्या गोदामात कामाला लागला. हे सगळं मला पंपावरच्या माणसाकडून कळलं, कारण मला सांगायला यायचं तर त्याला निमित्ताला गाडी लागणार, आणि गाडी तर नव्हती. मोठी गाडी वळणावर दिसली की माझा जीव वरखाली व्हायचा, मग दुसराच कुणीतरी उतरायचा. शेडमधली हवा खरंच सुधारली होती. माझाच श्वास मोकळा होत नव्हता. जे सांगायचं ते त्या दिवशी ओठांवर आलं होतं, मी गिळलं. आता सांगणार कुणाला?

एका दुपारी रिमझिम चालू होती. बाहेर दोन गाड्या थांबल्या होत्या, मी नळी पुसत होते. भिजलेल्या चपलांचा आवाज आला म्हणून वर पाहिलं. तो होता. सवयीनं मी त्याच्या मागे पाहिलं.

"गाडी नाही," तो म्हणाला.

"मग... काय काम होतं?"

"काम काहीच नाही." त्यानं बाहीनं कपाळावरचं पाणी पुसलं. "बसनं आलोय. संध्याकाळच्या बसनं परत जायचंय. नुसतं तुम्हाला बघायला आलो."

बाहेरच्या गाडीनं हॉर्न वाजवला. केबिनमधून बाबा उठले, त्यांनी माझ्या हातातली नळी घेतली आणि ते बाहेरच्या गाडीकडे गेले. माझे हात काळे होते, मी ते पुसलेही नाहीत.

"मग संध्याकाळपर्यंत," मी म्हणाले, "मलाही काही काम नाही."