साडेचारला पाव कमी

ही थाप नाही. माझ्या सख्ख्या नणंदेच्या बाबतीत घडलंय. ज्यांना खोटं वाटेल त्यांनी इथंच थांबावं, मी कुणाच्या विनवण्या करणार नाही.

रात्र नव्हती. भरदुपार होती. जागा, तिचं चष्म्याचं दुकान.

घरात तिला चिमणी म्हणतात. पन्नाशीची बाई, दारातून आडवी होऊन जावं लागतं, पण चिमणीच. नवरा ट्रक चालवायचा. तो ट्रक सापडला दगडाच्या खाणीजवळ, वळणावर. दार उघडं, इंजिन चालू. खाली खाणीत पाणी साठलेलं.

माणूस मात्र कुठंच नाही...

पोलीस काठावर सापडलेला चष्मा घेऊन आला. "ओळखता?"

"असल्या फ्रेमी मी ढिगानं विकते," चिमणी म्हणाली. "नंबर बघू. ह्यांचा दोन्ही डोळ्यांचा मायनस साडेचार, मीच काढलेला. तोच निघाला तर... तर तुम्ही म्हणाल ते खरं."

बोलली आणि चष्मा घेऊन मशीनकडे वळली.

काचेचा नंबर सांगणारं मशीन असतं. काच त्यात अडकवायची, वरून एका डोळ्यानं बघत चाक फिरवायचं. आतल्या हिरव्या रेघा स्पष्ट झाल्या की चाकावर आकडा येतो, तोच नंबर.

तिनं बघितलं.

मायनस दोन.

"नाही! ह्यांचा नाही!" ती हसलीच. "माझं माणूस कुठंतरी घोरत पडलं असेल मेलं!"

मेलं म्हणाली आणि जीभ चावली.

"ताई, एकदा परत बघा," पोलीस म्हणाला. "चूक झाली तर साहेब माझी सालटी काढतील."

तिनं काच पुसली, परत लावली.

मायनस तीन...

तिरकी बसली असेल. काढली, सरळ लावली.

मायनस चार...

पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज येईना. रस्त्यावरचा गलका येईना. फक्त एकच आवाज...

कट्...

चाकाचा. तिचे दोन्ही हात मांडीवर होते.

सव्वाचार.

तेव्हा तिला कळलं. जितक्यांदा बघावं तितका नंबर साडेचारकडे सरकतोय. आणखी एकदा बघितलं की संपलं. नाही बघितलं तर... तर अजून आशा आहे.

तिनं चष्मा हिसकून बाहेर काढला.

"काय आलं?"

"ह्यांचा नाही."

"मग आवाज का बसला? आणा इकडे, दवाखान्यातल्या मशीनवर बघून घेतो."

फोडावा? फोडला आणि ह्यांनाच काही झालं तर? तिनं तो सरळ डोळ्यांवर चढवला आणि दोन्ही हातांनी काड्या धरून बसली.

"घ्या आता. बाईच्या तोंडावरून ओढून घ्या!"

पोलीस गडबडला. मला बोलावणं धाडलं, म्हणे तुम्ही समजवा. मी जाऊन त्यालाच फैलावर घेतलं. गेला बिचारा.

तेव्हापासून चष्मा तिच्या तोंडावर आहे. तिची स्वतःची नजर घारीसारखी, त्या काचेतून तिला काय दिसणार, कप्पाळ! दारं, खुर्च्या, माणसं, सगळ्यांना धडकायची. गुडघे काळेनिळे झाले.

"काढ तो. आंधळी होशील," मी म्हटलं.

"होऊ दे, वहिनी. पण तो मशीनमध्ये नाही जाणार." झोपतानाही काढला नाही.

आणि परवा...

सुईत दोरा ओवला तिनं. एका झटक्यात.

मी बघतच राहिले. ती उठली. खुर्ची चुकवली, स्टूल चुकवलं. सरळ दारापाशी गेली... आणि बाजूला सरकली. आत येणाऱ्याला वाट द्यावी तशी.

दारात कुणीच नव्हतं.

"चिमणे, कुणाला गं वाट दिलीस?"

ती वळली. चेहरा असा फुललेला की तिच्या लग्नानंतर तसा मी पाहिला नव्हता.

"टॉवेल द्या ना, वहिनी. केवढे भिजलेत बघा."

आयुष्यात पहिल्यांदा मी तिचं ऐकलं. दोरीवरचा वाळलेला, करकरीत टॉवेल काढून मी तिच्या हातात ठेवला. तिनं तो पुढे धरला, हवेत.

थोड्या वेळानं टॉवेल माझ्याकडे परत आला.

मला तो दोन्ही हातांनी पिळावा लागला.