लेटिसआजीचं थडगं कुठे?

"अरे हळू! कापड फाटलं तर पेंबर्टन आपल्यालाच या झाडावर लटकवील!" हेस्टर दबक्या आवाजात ओरडली.

"आपण आधीच लटकलोय की! ही बघ, अगदी तळाला तू." तिचा धाकटा भाऊ पिअर्स पाटीवरच्या कापडाखाली पुरता घुसला होता. "आणि माझं नाव तुझ्या आधी लिहिलंय!"

"आधी? मी तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे!"

"मुलगे आधी, मुली नंतर. उमरावांकडे तशीच पद्धत असते, बाईसाहेब!"

वेक्सकोम हॉलच्या लांबच लांब गॅलरीत ती भलीमोठी ओकची पाटी भिंतीला टेकून उभी होती. तिच्यावर सोनेरी अक्षरांत घराण्याचा वंशवृक्ष रंगवलेला होता. शनिवारी एक खरीखुरी डचेस येऊन त्यावरचं कापड दूर करणार होती. शंभर वर्षांपूर्वी या घरातली अरामिंटा नावाची मुलगी राजाच्या चुलतभावाला दिली होती आणि तेव्हापासून वेक्सकोम घराण्याचे पाय काही जमिनीला लागलेले नव्हते. राजघराण्याची ती फांदी पाटीवर इतर सगळ्या फांद्यांपेक्षा दुप्पट जाड होती.

"ही कोण?" टॅमसिनने विचारलं. टॅमसिन म्हणजे गावच्या चर्चच्या राखणदाराची मुलगी. वय तेरा, जीभ तिखट, आणि सुट्टीतली या दोघांची जिवाभावाची मैत्रीण. तिने एका फांदीवर बोट ठेवलं. "लेटिस. जन्म १९३९, मृत्यू १४ जून १९६१."

हेस्टर वाकून बघू लागली. लेटिसची फांदी आजोबांच्या फांदीशेजारीच होती. "आजोबांची बहीण? आजोबांना बहीण होती?"

"होती म्हणजे काय, इथे लिहिलंय की. पण हिचं थडगं कुठाय?"

"चर्चमध्ये असेल ना."

"नाही!" टॅमसिन ठामपणे म्हणाली. "तिथला प्रत्येक दगड मी दर शनिवारी पुसते. तुमचे पणजोबा आहेत, त्यांच्या तीन आत्या आहेत, सहा दिवसांचं बाळ आहे. बागेत तर तुमच्या कुत्र्यांचीसुद्धा थडगी आहेत! लेटिस कुठेच नाही."

"काय चाललंय इथे?"

तिघंही दचकली. दारात मिस्टर पेंबर्टन उभे होते. इस्टेटीचा सगळा कारभार तेच बघत आणि आपण बघतोय हे दिवसातून चारदा सांगत.

"मिस्टर पेंबर्टन, ही लेटिसआजी कशाने वारली?" हेस्टरने सरळ विचारलं.

"मला काय माहीत? लाल बाडात लिहिलंय तेच पाटीवर रंगवलंय. आणि लाल बाड कधी चुकत नाही. चला, निघा बाहेर!"

लाल बाड म्हणजे देशातल्या सगळ्या उमराव घराण्यांच्या वंशावळी छापणारं लाल कातडी बांधणीचं जाडजूड पुस्तक. कोणाचा मुलगा कोण, कोणाची मुलगी राजवाड्यात पडली, सगळं त्यात असतं. पिअर्सने फोनवर शोधून पाहिलं, तर तिथेही लाल बाडातलंच उतरवलेलं! आजोबांना विचारावं, तर ते स्कॉटलंडला मासे धरायला गेलेले आणि थेट शुक्रवारी दुपारी परतणार.

"मग वाट कशाला बघायची?" टॅमसिन म्हणाली. "माझ्या बाबांकडे चर्चच्या कपाटाची किल्ली आहे."

चर्चचं कपाट उघडताच ओल्या कागदाचा वास आला. टॅमसिनच्या बाबांनी एकच अट घातली, हात धुऊन मगच वह्यांना शिवायचं. हेस्टरने दफनाची वही उघडली. १९६१, जून. एक शिंपी होता, एक म्हातारी होती. लेटिस नव्हती. जुलैतही नव्हती.

"म्हणजे पुरलीच नाही! गायब केली!" पिअर्सचे डोळे चमकले. "तळघरात सांगाडा असणार!"

"गप रे! आणि तू कुठली वही घेतलीस? ती लग्नाची आहे."

"असू दे ना, मी आपला जून बघतोय..." पिअर्स मध्येच थांबला. "हेस्टर! इकडे ये! लवकर!"

१४ जून १९६१. नवरी, लेटिस वेक्सकोम, वय बावीस. नवरा, अल्बर्ट प्यू, धंदा पियानो जुळवणे. साक्षीदार, हॉलची स्वयंपाकीणबाई आणि माळी.

हेस्टरने तारीख पुन्हा वाचली.

"ज्या दिवशी ती मेली, त्याच दिवशी तिचं लग्न झालं?"

"मेली नाही," टॅमसिन हळूच म्हणाली. "तिने पियानो जुळवणाऱ्याशी लग्न केलं. म्हणून कोणीतरी तिला मेली असं लिहून टाकलं."

ज्या घरात ती दर सुट्टीत हुंदडायची, त्याच घरात कोणीतरी शांतपणे टेबलाशी बसून हे लिहिलं होतं.

"प्यू..." टॅमसिनने कपाळ चोळलं. "अरे! ॲशबरोला बाजारगल्लीत प्यूंचं जुनं पियानोचं दुकान आहे. बंद असतं, पण वर एक आजी राहतात!"

सात मैल सायकल हाणत तिघं गुरुवारी सकाळी ॲशबरोला पोहोचली. दुकानाशेजारचा अरुंद जिना चढून हेस्टरने दार वाजवलं. दार उघडलं, आणि तिला आजोबांचंच नाक दिसलं! तेच लांब, टोकाशी किंचित वाकडं नाक. फक्त ते एका पांढऱ्या केसांच्या बाईंच्या चेहऱ्यावर होतं.

हेस्टरने वाटेत छान भाषण तयार केलं होतं. पण पिअर्सला कुठला दम! "तुम्ही मेलायत ना?" तो म्हणाला.

आजींनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "हो रे बाळा. चौदा जूनला. ऊन छान पडलं होतं त्या दिवशी. आत या, केक खाणार का?"

खोलीभर खोकी बांधून ठेवलेली होती. येत्या सोमवारी त्या कॅनडाला निघणार होत्या, मुलाकडे, कायमच्या. अल्बर्ट तीन वर्षांपूर्वी वारले होते. त्यानंतर लीड्सचं घर सोडून त्या इथे येऊन राहिल्या, सासऱ्यांच्या दुकानावरच्या खोल्यांत. हॉलपासून फक्त सात मैलांवर.

"लाल बाडाची नवी आवृत्ती निघायची असली, की घराण्याचं पान तपासायला घरी येतं," चहा ओतत लेटिसआजी सांगू लागल्या. "घरातल्या मुख्य माणसाने बदल लिहायचे आणि सही करायची. मला मारलं ते बाबांनी. त्यांचा स्वभाव मला ठाऊक होता, मी फार मनाला लावून घेतलं नाही. मग बाबा वारले आणि माझा जॉस अर्ल, म्हणजे घराण्याचा मुख्य उमराव, झाला. तुमचे आजोबा. नवी आवृत्ती आली, की मी लायब्ररीत जायचे. वाटायचं, या वेळी जॉसने दुरुस्त केलं असेल. मी शिकवलं होतं रे त्याला पोहायला! रात्री वीज कडाडली, की तो माझ्या खोलीत यायचा झोपायला." त्यांनी कप खाली ठेवला. "सात आवृत्त्या निघाल्या. सातही वेळा त्याने सही केली."

"पण तुम्ही पत्र का नाही लिहिलंत?" हेस्टर कळवळून म्हणाली.

"मेलेल्या माणसाने पत्र पाठवणं जरा आगाऊपणाचं दिसतं." त्या हसल्या आणि पिअर्सच्या ताटलीत केकचा आणखी एक तुकडा ठेवला. "हे बघा पोरांनो, मला कोणाची दया नकोय. जॉसला माझ्याबद्दल एक अक्षर सांगायचं नाही. वचन द्या."

हेस्टरने वचन दिलं. टॅमसिननेही दिलं. काय करणार? त्या डोळ्यांपुढे नाही म्हणायची कोणाची छाती होती!

परतताना हेस्टर सायकल जोरजोरात मारत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आजोबा असे नव्हते! पायाखाली गोगलगाय आली तर ते वाट सोडून चालत. त्यांनी सात वेळा?

"जुनी पानं अभ्यासिकेत असतील," टॅमसिन म्हणाली. "बघू तरी, काय काय लिहिलंय त्यांनी."

अभ्यासिकेच्या खालच्या खणात सगळी पानं होती. सात पुडकी, सातांना छापखान्याची दोरी, आणि एकीचीही गाठ सुटलेली नव्हती! वर फक्त सही करून पाठवलेल्या कागदाची प्रत. त्यावर आजोबांच्या अक्षरात दोनच शब्द, 'बदल नाही'. अलीकडच्या कागदांना तर पेंबर्टनची चिठ्ठीही टाचलेली होती, 'मिलॉर्ड, सही येथे.'

"वाचलंच नाही!" हेस्टर मटकन खाली बसली. "आजोबांनी एकदाही उघडून बघितलं नाही!"

टेबलावर आठवं पुडकं पडलेलं होतं. शुक्रवारी पाचच्या टपालाने ते जायला हवं होतं. आणि वचन तर दिलेलं!

"सांगायचं नाही असं वचन दिलंय आपण," टॅमसिन विचार करत म्हणाली. "वाचायला लावायचं नाही असं काही म्हटलं नव्हतं."

शुक्रवारी चारला आजोबा आले ते मासेमारीचे उंच बूट घालूनच. टोपी काढायच्या आत पेंबर्टन पुढे सरसावले.

"मिलॉर्ड, लाल बाडाचा कागद. सही येथे."

"हं, बदल नाही..." आजोबांनी पेन उघडून ते दोन शब्द लिहिलेसुद्धा.

"आजोबा, थांबा!" हेस्टर धावत आली. तिने आठव्या पुडक्याची दोरी कधीच सोडली होती. "माझी जन्मतारीख चुकली असली तर? वाचून दाखवा ना! पहिल्यापासून!"

"मिस हेस्टर, टपाल चुकेल!" पेंबर्टन फणकारले.

"वाचतो की. नातीने कधी नव्हे ते काही मागितलंय." आजोबांनी चष्मा लावला. "जॉस्लिन, सातवा अर्ल. एक बहीण, लेटिस, मृत्यू..."

ते थांबले. त्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी ती पुन्हा वाचली.

"हे कोणी लिहिलं?"

"मिलॉर्ड, आपल्याच सहीने छापलं जातंय. आधीपासून," पेंबर्टन चाचरत म्हणाले.

आजोबा खुर्चीत बसले. "मी अकरा वर्षांचा होतो. वसतिगृहात बाबांचं पत्र आलं. लेटीने कोणाशी तरी लग्न केलंय, तिचं नाव पुन्हा काढायचं नाही. भित्रा होतो मी. नाही काढलं. बाबा वारल्यावर वाटलं, आता ती येईल. मी वाट बघत राहिलो. म्हटलं, तिला माझा राग आलाय, तो तिचा हक्क आहे. आणि मी... मी हे सही करून पाठवत होतो?" त्यांनी वर पाहिलं. डोळे भरून आले होते. "ती आहे तरी का? आता कुठे शोधू तिला?"

हेस्टरने ओठ घट्ट दाबून धरले. टॅमसिन छताकडे बघू लागली. वचन म्हणजे वचन!

"ॲशबरोला! बाजारगल्लीत!" पिअर्स किंचाळला.

"पिअर्स! आपण वचन दिलं होतं!"

"तुम्ही दिलं होतं! माझ्या तोंडात केक होता!"

आजोबा ताडकन उठले. 'बदल नाही' हे शब्द त्यांनी इतक्या जोरात खोडले, की कागद फाटला. त्यांनी खाली लिहिलं, 'माझी बहीण जिवंत आहे. चूक माझी. अल्बर्ट प्यूशी विवाह, १४ जून १९६१.' कारण हेस्टरने चर्चच्या वहीतून उतरवून घेतलेली लग्नाची नोंद आता त्यांच्या हातात ठेवली होती.

"पेंबर्टन, हे टपालात! पळा!"

आणि पेंबर्टन खरंच पळाले, आयुष्यात पहिल्यांदा.

मुलांना घेऊन निघालेल्या जुन्या जीपने सात मैल बारा मिनिटांत कापले. आजोबा तो जिना बूट वाजवत चढले आणि दार उघडल्यावर नुसतेच उभे राहिले. ज्या माणसासमोर सगळं गाव टोपी काढायचं, तो माणूस शाळेतल्या पोरासारखा टोपी हातात चुरगाळत होता.

"लेटी, मी न वाचता सही केली. सात वेळा. मी गाढव आहे."

लेटिसआजींनी दाराची कडी सोडली नाही. "वाचलं असतंस तर?"

"पहिल्याच वेळी धावत आलो असतो."

"बूट काढ आधी," त्या म्हणाल्या. "जमीन आत्ताच पुसलीय." आणि मग आजोबांना बूट काढायची सवडच न देता त्यांनी त्यांना पोटाशी धरलं. हेस्टरने पिअर्सला धरून मागे ओढलं आणि तिघंही पायरीवर बसून राहिली.

शनिवारी डचेसने कापड दूर केलं, तेव्हा पाटी जशीच्या तशी होती. आजोबांनी ती मुद्दामच बदलू दिली नव्हती. "या पाटीवर माझ्या बहिणीला मारलंय," ते सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाले. "ही बघा ती, माझ्याशेजारी उभी आहे. पंचेचाळीस वर्षं मी न वाचता सही करत आलो. या तीन मुलांनी वाचलं. टॅमसिनला दगड पुसता पुसता जे दिसलं, ते मला माझ्याच घरात दिसलं नाही. पोरांनो, मी तुमचा फार फार ऋणी आहे."

डचेसनेच पहिली टाळी वाजवली. टॅमसिन कानापर्यंत लाल झाली. लेटिसआजींनी डचेसशी हात मिळवला, "मरण मला चांगलंच मानवलंय," असं म्हणाल्या आणि सगळी गॅलरी हसली. कॅनडाचं तिकीट काढलेलं होतं, तेव्हा जायचं तर होतंच. पण नाताळला त्या इथे येणार होत्या आणि त्यांची जुनी खोली आजोबांनी सकाळीच उघडून घेतली होती.

अक्षरं रंगवणाऱ्या बाई कुंचला घेऊन शिडीवर चढल्या. मृत्यूची तारीख खोडली गेली. लेटिसच्या नावाशेजारी 'अल्बर्ट प्यू' ही सोनेरी अक्षरं उमटली, राजाच्या चुलतभावाच्या नावाएवढीच मोठी.

"मिलॉर्ड, इतर जावयांच्या नावाखाली त्यांची पदवी आहे," बाई वरून म्हणाल्या. "यांच्या खाली काय लिहू?"

पेंबर्टन घाईघाईने पुढे झाले. "मी म्हणतो, तेवढी जागा कोरीच..."

"पियानो जुळवणारा," आजोबा म्हणाले. "लिहा, ठळक लिहा."

स्वतःचं नाव जिवंत झालं तेव्हा हसत उभ्या राहिलेल्या लेटिसआजी आता मात्र ओक्साबोक्शी रडू लागल्या. हेस्टरने त्यांचा हात घट्ट धरला आणि बाईंचं शेवटचं अक्षर पुरं होईपर्यंत सोडला नाही.